नमुना नवऱ्याचा, नाव बायकोचं

आजवर एका बाईखेरीज कोणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी लिहून टाकतो. नाहीतर किस्से सांगता सांगता पानं संपतील आणि ती राहून जाईल. मला सोयीचं तेच आहे, म्हणून मुद्दाम आधी लिहितो. चोवीस वर्षांत मी एकही खोटा रिपोर्ट छापला नाही. पण एकदा, दहा-बारा माणसांपुढे, एका बाईला मी तोंडानं खोटं सांगितलं. एकच शब्द होता. त्यावर तिचं सासर सुटलं.

संपादकांनी कळवलं होतं की लॅबमधले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळी आहे, हलकंफुलकं असू द्या. अनुभव गमतीदारच आहेत. हा सुद्धा गमतीदारच आहे, आणि माझी सगळी अडचण तीच आहे.

वरवट बकालला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. लोक मला डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, मी मोजतो. शुगर मोजतो, हिमोग्लोबिन मोजतो, मलेरियाचे जंतू शोधतो. आणि ज्याबद्दल हा लेख आहे, तेही मोजतो: पुरुषाचं वीर्य.

बाहेरच्या माणसाला वाटतं की ही काहीतरी अघटित तपासणी असेल. तसं काही नाही. दोन-तीन दिवस बायकोपासून लांब राहायचं, रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत नमुना घ्यायचा आणि तासाभराच्या आत, अंगाच्या उबेला धरून, लॅबमध्ये आणायचा. मी तो अर्धा तास तसाच ठेवतो. आधी तो दाट असतो, मग आपोआप पातळ होतो. मग बारीक चौकटी कोरलेल्या काचेवर थेंब ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसायचं. किती आहेत, किती हलतात, किती सरळ जातात. सोनाळ्याच्या बाजारातली माणसं पाहा, तसंच दृश्य असतं. काही नाकासमोर चाललेले, काही त्याच त्या दुकानाभोवती गोल फिरणारे, काही जागच्या जागी उभं राहून नुसती मान हलवणारे. पोचायचं असतं नाकासमोर चालणाऱ्यांनाच.

सांगायला सोपं, पण आणणारी माणसं होती आपल्याकडची. "गरमीत खराब होऊ नये" म्हणून एक जण डबी बर्फात घालून, वरून भुसा टाकून, कुल्फीवाल्यासारखा घेऊन आला. आतले सगळे गारठून मेले होते. मी त्याला म्हटलं, ह्यांना ऊब लागते. पुढच्या वेळी त्यानं डबी चहाच्या थर्मासात सोडून आणली. चहा काढलेला नव्हता.

दुसऱ्या एकाला मी म्हटलं होतं, तीन दिवस संयम पाळा. तो चौथ्या दिवशी आला तो भिंतीला धरून चालत. तीन दिवस त्यानं अन्नाचा कण खाल्ला नव्हता. "चाहा घेतला दोनदा, तेवढं चालते का?" म्हणाला. आणि बायको? "तिचा काय संबंध?" मी त्याला आधी बिस्किटाचा पुडा खायला घातला.

एक होता, त्याला स्वतः पाहायचं होतं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. त्यानं एक डोळा लावून पाहिला, नंतर दुसरा. मग हळूच म्हणाला, "हे सगळे माहे?"

"तुमचेच."

"बाप रे. एवढी पब्लिक!" मग डोळा न काढताच त्यानं विचारलं, "एवढे हाय तं एकही काऊन नाई पोचत?"

इतका सरळ प्रश्न मला कोणी शिकल्यासवरल्या माणसानं विचारलेला नाही. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. हे गर्भाशय, पेरूएवढं. त्याच्या दोन्ही अंगांना या नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी या बीजकोशाच्या गाठी. त्यातून महिन्याला एक बीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. तुमचे हे तीन-चार दिवस वाट पाहू शकतात, पण चुकीच्या आठवड्यात गेले तर कोणाची वाट पाहणार?

त्यानं कागद उलटासुलटा केला. "म्हंजे एसटीसारखंच हाय. गाडी लागते तवा आपुन स्टँडवर नसतो, अन् आपुन असतो तवा गाडी नसते."

त्याला पुढं मुलगी झाली. पेढे द्यायला आला तेव्हा मोठ्यानं म्हणाला, "गाडी सापडली साहेब!" बाकावरच्या लोकांना वाटलं, मोटारसायकल चोरीला गेली होती.

पण अशी माणसं अपवाद. बाकीचे सगळे लाजेनं अर्धमेले. बाई डबी घेऊन आली तर कोणी मान वर करून बघत नाही, बाईच्या अंगातलं काहीही तपासायचं असतंच असं सगळे धरून चालतात. पुरुष डबी घेऊन आला की त्याला वाटतं, सगळा संग्रामपूर तालुका आपल्याकडे बघतोय.

सुरुवातीच्या दिवसांत मी एक गाढवपणा केला. एक जावईबापू येऊन बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, मला काय माहीत, त्यांचे सासरे शुगर तपासायला आलेले. मी आतून नाव पुकारलं आणि विचारलं, "सॅम्पल आणलं का?"

सासरे म्हणाले, "कायचं सॅम्पल हो जावई?"

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "मातीचं," तो म्हणाला. "वावराची माती. तपासून राह्यलो."

"इथी मातीही तपासते का?" सासऱ्यांनी मला विचारलं. जावई माझ्याकडे असं बघत होता की मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सासरेबुवा आपल्या वावराची दोन किलो काळी माती पिशवीत घेऊन हजर. वर सांगितलं, "जावयाच्या मातीत काय निघालं तेही सांगजा. तिच्यात तूर येत नाई म्हून ऐकलं." मी ती माती आठवडाभर टेबलाखाली ठेवली आणि मग 'चुनखडी जास्त आहे' असं सांगून परत केली. खरंच जास्त होती म्हणे, नंतर कृषीवाल्यांनीही तेच सांगितलं.

तेव्हापासून मी एक पद्धत पाडली. पुरुषाच्या या तपासणीला रजिस्टरात त्याच्या बायकोचं नाव लिहायचं. पुकारायचं तेही तिच्याच नावानं. रिपोर्टवरही तेच. नमुना नवऱ्याचा, नाव बायकोचं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत होतं, त्यांनी ते चालवून घेतलं. पुरुष खूश झाले. लांबलांबून येऊ लागले. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटायचा. बाईच्या नावावर काहीही लिहा, कोणी विचारत नाही. हे वाक्य मी तेव्हा हसत हसत म्हणत असे.

मग प्रल्हाद आला. नाव बदललेलं आहे, पुढचीही सगळी नावं बदललेली आहेत, आणि त्याच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. वरवटपासून सात-आठ किलोमीटर समजा. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. बरोबर बायको होती, मंगला, सोनाळ्याची मुलगी. डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन लिहिलं होतं आणि त्याची ही तपासणी. मी तिच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं. तिनं बोट तोंडात धरलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. तिचा त्या लॅबशी एवढाच संबंध आला. दोन्ही तपासण्या मी तिच्याच नावावर लिहिल्या.

प्रल्हादच्या नमुन्यात काहीच नव्हतं. कमी असणं वेगळं. इथं बाजार सुटल्यावरचं मैदान होतं. मी नमुना मशीनमध्ये फिरवला आणि तळाला बसलेला थेंबही पाहिला. असं एकदा निघालं तर नियम आहे की काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. पुन्हा पाहिलं. तेच. रिपोर्टवर मी छापलं: नाव, सौ. मंगला. स्पर्मॅटोझोआ, निल.

प्रल्हादला मी आत बोलावून समजावलं. म्हटलं, याचा ताकदीशी संबंध नाही. शुक्राणू तयार होतात अंडकोशात, आणि तो शरीरानं मुद्दाम बाहेर टांगलेला असतो, कारण त्या कामाला जरा थंडावा लागतो. तिथून बारीक नळीतून बाहेरचा रस्ता असतो. कधी कारखानाच बंद असतो, कधी कारखाना चालू आणि रस्ता तुंबलेला असतो. कोणतं, ते मोठे डॉक्टर सांगतील, अकोल्याला जा. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "घरी नका सांगू, वासुदेवभाऊ." मी म्हटलं, वेडे का तुम्ही, हे गुपित आमच्याकडे गुपितच असतं.

रिपोर्ट त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवला. सदरा धुवायला पडला. त्याच्या आईनं खिसा तपासला. तिला वाचता येत नव्हतं, पण सुनेचं नाव मराठीत होतं आणि ते सुनेनं तिला रेशनकार्डावर दाखवलेलं होतं. ती कागद घेऊन गुरुजींकडे गेली.

गुरुजी म्हणजे प्रल्हादचे चुलते. निवृत्त शिक्षक, इतिहास आणि मराठी शिकवलेले. गावात इंग्रजी कागद आला की तो त्यांच्याकडे जातो. त्यांनी घरात शब्दकोश काढला आणि स्पर्म म्हणजे बीज, निल म्हणजे शून्य, हे शोधलं. मग माणसं जमवली, मंगलाच्या भावाला सोनाळ्याहून बोलावलं, आणि मला निरोप पाठवला: लॅबवाल्यानं येऊन खुलासा करावा.

मी गेलो. लिहायला लाज वाटते, पण ऐटीत गेलो. मला वाटलं, अकोल्याचा पत्ता विचारायचा असेल. प्रल्हादच्या घरापुढच्या ओट्यावर दहा-बारा माणसं होती. मला खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. दारात मंगला उभी, पदर डोक्यावर. प्रल्हाद खांबाला टेकून. चहा हातात आला आणि गुरुजींनी कागद वाचायला सुरुवात केली.

"सौभाग्यवती मंगला. स्पर्म, म्हणजे बीज, शून्य." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आपल्या सुनेच्या अंगात बीज नाही. हे मी सांगत नाही, मशीन सांगते."

मला आधी कळलंच नाही की काय चाललंय. मग कळलं आणि चहा हातातच राहिला. दहा-बारा बाप्ये, त्यातले निम्मे बाप झालेले, एक जन्मभर शिकवलेला मास्तर, आणि ते सगळे एका बाईवर ठपका ठेवत होते की तिच्यात शुक्राणू नाहीत. कोणीही हसत नव्हतं.

एक म्हातारा मात्र अडला. कोपऱ्यात सुपारी कातरत बसला होता. "पण गुरुजी," तो म्हणाला, "बीज तं माणसाचं असते. बाई म्हंजे वावर. वावरात कायले बी राहीन?"

मला वाटलं, सुटलो.

गुरुजींनी त्याच्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं. "सोपानराव, तुम्ही पेरलं नाही तरी वावरात तण उगवते की नाही?"

"उगवते."

"मग ते कोणाचं बी?"

सोपानराव विचारात पडले. "वावराचंच म्हना लागन."

"हिच्या वावरात तणाचंही बी नाही," गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना हलल्या. मंगलाचा भाऊ, शेतकरी माणूस, तोही मान खाली घालून बसला. त्याला त्याचं वावर माहीत होतं, आणि उदाहरण तर पटण्यासारखंच होतं.

मग गुरुजी माझ्याकडे वळले. "हा रिपोर्ट तुमच्या मशीनचा?"

"हो."

"बरोबर आहे?"

मी प्रल्हादकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्यानं हात जोडले नाहीत, काही खुणावलं नाही. फक्त पाहत होता. आणि मी म्हटलं, "रिपोर्ट बरोबर आहे."

हे खोटं नव्हतं. रिपोर्ट बरोबरच होता. घरी जाताना मी स्वतःला हेच सांगत बसलो असतो आणि कदाचित पटवलंही असतं. पण दारातून मंगला बोलली. त्या ओट्यावर डोकं चालत होतं ते तिचं एकटीचं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "म्या तं तुमाले निरा बोटातलं थेंबभर रगत देलं होतं. तेवढ्यात हे समजते का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. प्रश्न इतका बरोबर होता की उत्तराला दुसरी वाटच नव्हती. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग हे कशातून काढलं? आणि मग प्रल्हादचं नाव, आणि मग माझ्या रजिस्टरातली सगळी नावं. गावोगावचे पुरुष, ज्यांना मी बायकांच्या पदराआड लपवलं होतं. माझी हुशारी, माझी लॅब.

मी म्हटलं, "समजते."

हाच तो शब्द. गुरुजी म्हणाले, "विज्ञान फार पुढं गेलं आहे." आणि मला आणखी एक कप चहा आला. तो मी प्यायलो.

मंगला पदर सावरून आत गेली. महिन्याभरात तिला भावाकडे नेऊन घातलं, सोडचिठ्ठीच्या कागदावर सही घेतली. मी लॅब उघडत राहिलो. आणि इथं एक गोष्ट आणखी कबूल करायला हवी: मी पद्धत बदलली नाही. आणखी तीन वर्षं नवऱ्यांचे नमुने बायकांच्या नावावर लिहीत राहिलो. बदलली असती तर कोणीतरी विचारलं असतं, का बदलली.

तीन वर्षांनी प्रल्हाद पुन्हा आला. त्याचं दुसरं लग्न झालं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिल्यासारखंच लिवा." मी रोशनी असं नाव लिहिलं. अकोल्याला तो कधी गेलाच नव्हता. निकाल तोच.

रिपोर्ट न्यायला मात्र रोशनी स्वतः आली. प्रल्हाद समोर रसवंतीवर उभा होता. काळीसावळी, हडकुळी, चेहऱ्यावर ओढणी गुंडाळलेली पोरगी. मला माहीत नव्हतं की ती बारावी सायन्स झालेली आहे. तिनं काउंटरवरच कागद उघडला, वाचला, आणि ओढणी खाली केली.

मग ती हसायला लागली. आधी बारीक, मग इतकी की तिला बाकावर बसावं लागलं. बाकावर दोन म्हाताऱ्या आणि एक तापानं फणफणलेला गडी होता. तेही हसायला लागले, कशाला ते माहीत नसताना.

"भाऊ," डोळे पुसत ती म्हणाली, "माह्यात स्पर्म निघाले असते तं पेपरात बातमी नसती का आली?"

मी उभा होतो. आणि मला तो ओटा दिसत होता. त्या दिवशी तिथं एकानं, फक्त एकानं, असं हसायला पाहिजे होतं. ते हसायचं काम माझं होतं. त्या ओट्यावर खरं काय ते कळणारा मी आणि प्रल्हाद, दोघंच. प्रल्हादला हसू येणार नव्हतं.

तिचं हसू थांबलं. ती कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "पहिलीचाही असाच लिवला होता का?"

मी मान हलवली.

"अन् यायनं तो गावात वाचून दाखवला. मले लग्नात सांगतलं, पहिलीत बीजच नव्हतं म्हून." ती उठली, कागद काउंटरवर ठेवला आणि रसवंतीकडे बोट केलं. "यायचं नाव टाका. दुसरा काढून द्या."

मी काढून दिला. या तपासणीचा, पुरुषाच्या नावानं माझ्या लॅबमधून निघालेला तो कित्येक वर्षांतला पहिला रिपोर्ट. काचेतून मला दिसत होतं. तिनं दोन रस सांगितले, एक त्याच्या हातात दिला, त्याला अर्धा पिऊ दिला, आणि मग कागद दिला. त्यानं वाचला. अर्धा ग्लास त्यानं फळीवर ठेवून दिला. ती तिचा रस पीत राहिली. पुढं त्या दोघांनी काय केलं, कुठं गेले, काय झालं, ते मला माहीत आहे आणि ते त्यांचं आहे. गावात त्यांनी काही सांगितलं नाही. तो त्यांचा हक्क आहे.

पण त्यामुळे मंगला तिथंच राहिली, शून्यात.

त्या संध्याकाळीच मी पद्धत बंद केली. आता ज्याचा नमुना त्याचं नाव. निम्मे पुरुष यायचे बंद झाले, काही अजून डोक्याला रुमाल बांधून येतात. चालतंय. आणि आठ दिवसांनी मी सोनाळ्याला गेलो.

मंगला भावाच्या वावरात मेथीच्या जुड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मला बघून तिनं हात थांबवले नाहीत. ओळखलं मात्र लगेच. "या, लॅबवाले भाऊ," म्हणाली. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. चूक कशी झाली, पद्धत काय होती, बोटाच्या रक्तातून ते कळत नाही, बाईत ते नसतंच. बीज बाईत असतं ते वेगळं, ते मी मोजतच नाही. मी घामाघूम होऊन समजावत होतो. तिनं एक जुडी बांधून बाजूला ठेवली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"बचत गटाच्या मिटिंगीत सिस्टर आली होती. बाईच्या पोटातला नकाशा भिंतीले लावला होता तिनं. मिटिंग झाली, साऱ्या चाहा प्याले गेल्या, अन् म्या तो नकाशा बोट फिरवून पाह्यला. सारा. नळ्या, गाठी, सारं. तुमचं ते कोठीच नव्हतं. म्या सिस्टरले इचारलं, ते इंग्रजी नावाचं कोठी असते? तं तिनं बाजूचा नकाशा दाखवला. बाप्याचा."

"मग तुम्ही..."

"मले एकच गोष्ट माहीत नव्हती," ती म्हणाली. "तुमी खोटं बोलले, का तुमालेच येत नव्हतं?"

आणि खरं सांगतो, त्याही क्षणी मला वाटलं, 'येत नव्हतं' म्हणावं. इतक्या वर्षांचा अभिमान मी तिथं मेथीच्या वाफ्यात टाकायला तयार झालो होतो, कारण अडाणी ठरणं स्वस्त पडत होतं. पण ती वाट बघत होती.

"येत होतं," मी म्हटलं.

"हं." तिनं दुसरी जुडी घेतली. मी माफी मागितली. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "मले कायले सांगता? मी शून्य म्हटलं होतं का? ज्यायनं आयकलं त्यायले सांगा ना. गुरुजी हाय का अजून?"

"आहेत."

"मग लवकर जा. म्हातारे झाले असतीन. अन् मोठ्यानं सांगजा, त्यायले तवाही कमीच आयकू ये."

मी म्हटलं, "पण प्रल्हादचं... आमच्यात पेशंटचं नाव..."

"कोनाचं नाव नका घेऊ," मंगला म्हणाली. "माहं तेवढं काढा."

याच्यापुढं माझ्याकडे एकही सबब शिल्लक राहिली नाही. नियम नाही, गुपित नाही. उठताना तिनं मेथीची एक जुडी दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

मी त्या गावी गेलो. एकदा गेलो. गुरुजी त्याच ओट्यावर होते, सोपानराव होते, आणखी चार-पाच जण. मी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी मला ओळखलं, शेजारी बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "याचं मशीन एक नंबर आहे. याच्या मशीननं आपलं घर वाचवलं." मग त्यांनी हाताची बाही वर केली आणि म्हणाले, आलाच आहात तर शुगर बघा. माझी पेटी गाडीला होती. मी त्यांचं रक्त घेतलं. मग सोपानरावांचं घेतलं. मग रांग लागली. पाच जणांची शुगर तपासून मी घरी आलो.

हे छापून आलं तरी काम झालं असं होत नाही. हा अंक त्या गावात जात नाही, आणि गेला तरी त्यात नावं बदललेली आहेत. त्या ओट्यावर, जमतील तेवढ्या त्याच माणसांपुढे, गुरुजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मला सांगायचं आहे की तो रिपोर्ट मंगलाचा नव्हता, आणि ती विचारत होती ते बरोबर होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तिचं देणं लागतो.